सगळे रंग एकदम मोजणारं यंत्र आणि अल्बर्ट मायकेल्सन

फोनचा कॅमेरा उघडून समोरच्या झाडावर धरा. आतल्या सेन्सरवर लाखो पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर लाल, हिरवा किंवा निळा असा एक इवलासा फिल्टर बसवलेला असतो. हिरव्या फिल्टरखालचा पिक्सेल लाल आणि निळा प्रकाश दारातच अडवतो. लाल फिल्टरखालचा हिरवा आणि निळा अडवतो. म्हणजे लेन्समधून आत आलेल्या प्रकाशापैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश प्रकाश मोजलाच जात नाही. रात्रीचे फोटो दाणेदार येतात, त्याला हेही एक कारण आहे. आणि एवढा प्रकाश फेकून आपल्या हाती काय लागतं, तर तीन रंग.

आता समजा तीन नाही, हजार रंग वेगवेगळे मोजायचेत. दुधात काही मिसळलंय का, शुक्र ग्रहाच्या हवेत कोणता वायू आहे, असल्या प्रश्नांची उत्तरं प्रकाशाचे इतके बारीक तुकडे केल्यावरच मिळतात. या कामाला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. त्याची जुनी पद्धत अशी: प्रकाश एका अरुंद फटीतून आत घ्यायचा, प्रिझमने त्याचे रंग पसरवायचे, मग दुसऱ्या फटीतून एकच रंग डिटेक्टरवर सोडायचा. तो मोजून झाला की प्रिझम किंचित फिरवायचं आणि पुढचा रंग घ्यायचा. हजार रंगांपैकी एक मोजत असताना उरलेले ९९९ भिंतीवर आपटून वाया जातात. प्रकाश भरपूर असेल तर ठीक. पण दूरच्या ताऱ्याकडून येणारा इन्फ्रारेड प्रकाश मुळातच चिमूटभर असतो, त्यात ही उधळपट्टी कशी परवडणार?

मित्रांनो, या उधळपट्टीवरचं एक उत्तर ज्या यंत्रातून निघालं, ते यंत्र बनवणाऱ्याचं नाव तुम्ही फिजिक्सच्या पुस्तकात वाचलं असेल: अल्बर्ट मायकेल्सन. पुस्तकात ते ईथरच्या प्रयोगापुरते येतात आणि आइन्स्टाइन आले की गायब होतात. माझं इंजिनिअरिंगचं शिक्षण सिग्नल आणि फूरिए ट्रान्सफॉर्म घोकण्यात गेलं. ते सगळं गणित एका माणसाने १८९० च्या दशकात आरसे, स्प्रिंगा आणि दातेरी चाकं वापरून प्रत्यक्षात उतरवलं होतं, हे मात्र मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. म्हणून त्यांची गोष्ट जरा वेगळ्या टोकाकडून सांगतो.

खाणगावातला मुलगा

अल्बर्टचा जन्म १९ डिसेंबर १८५२ चा, स्ट्रेल्नो नावाच्या गावातला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. तो दोन-तीन वर्षांचा असताना आई-वडील अमेरिकेला निघाले आणि थेट कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या भागात पोचले. वडिलांनी खाण खोदली नाही, खाण कामगारांना लागणाऱ्या वस्तूंचं दुकान टाकलं. आधी मर्फीज कॅम्प, मग नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी. शाळेसाठी अल्बर्टला सॅन फ्रान्सिस्कोला ठेवलं गेलं.

१८६९ मध्ये त्याने अॅनापोलिसच्या नौदल अकादमीसाठी प्रयत्न केला. नेवाडाची जागा दुसऱ्याला मिळाली. १६ वर्षांचा हा पोरगा मग देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टनला गेला आणि राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना भेटला. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारातल्या दहाही जागा भरून झाल्या होत्या. तरीही त्याच्यासाठी अकरावी जागा काढण्यात आली. ती नियमात बसत नव्हती, पण मिळाली.

अकादमीत तो ऑप्टिक्समध्ये वर्गात पहिला आला आणि जहाज चालवण्याच्या विषयात बराच खाली. १८७३ मध्ये पदवी घेतली, काही काळ समुद्रावर काढला आणि मग तिथेच फिजिक्स शिकवायला लागला. वर्गात प्रकाशाच्या वेगाचा प्रयोग दाखवायचा होता. जुन्या पद्धतीत एक सुधारणा सुचली, फिरता आरसा दहा-एक डॉलरमध्ये जमवला आणि पुढच्या टप्प्यासाठी सासऱ्यांनी दोन हजार डॉलर दिले. १८७९ मध्ये आलेला आकडा आजच्या २,९९,७९२ किलोमीटर प्रति सेकंद या आकड्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरच लांब होता. सत्ताविशीतले मायकेल्सन अमेरिकेत एकदम प्रसिद्ध झाले.

एका किरणाचे दोन, दोनाचा एक

१८८० मध्ये ते रजा घेऊन युरोपात गेले आणि बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथे त्यांनी जे यंत्र जमवलं त्याला आपण इंटरफेरोमीटर म्हणतो. पैसे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्याकडून आले होते.

यंत्राची कल्पना कागदावर चार रेघांत काढता येते. मध्ये तिरका ठेवलेला अर्धपारदर्शक आरसा. त्यावर प्रकाश पडला की अर्धा आरपार जातो, अर्धा काटकोनात वळतो. दोन्ही वाटांच्या शेवटी एकेक साधा आरसा. दोन्ही किरण परत फिरून मधल्या आरशापाशी येतात आणि एकमेकांत मिसळतात. दोन्ही वाटा नेमक्या सारख्या असतील तर लाटेचा चढ चढावर पडतो आणि उजेड दिसतो. एक वाट अर्ध्या तरंगलांबीने जास्त असेल तर चढ उतारावर पडतो आणि अंधार होतो. एक आरसा हळूहळू मागे सरकवत गेलात की उजेड, अंधार, उजेड, अंधार असे पट्टे जाताना दिसतात. तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, त्यामुळे आरसा केसाच्या जाडीएवढा सरकला तरी शेकडो पट्टे निघून जातात.

हे यंत्र किती नाजूक होतं ते बर्लिनमध्ये पहिल्याच झटक्यात कळलं. रस्त्यावरच्या वाहतुकीने पट्टे थरथरायचे आणि मध्यरात्रीही काम होईना. शेवटी सगळं सामान शांत अशा पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवलं, तर तिथे लांबवर कोणी पाय आपटला तरी पट्टे गायब व्हायचे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचा प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला, तो याच यंत्राचा चार-चार किलोमीटर लांब भुजांचा वंशज. त्याची जागा ठरवतानाही जमीन किती शांत आहे हे बघावं लागलं.

ईथरची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती तुम्हाला ठाऊक असेल. लाटेला पाणी लागतं तसं प्रकाशाला ईथर नावाचं माध्यम लागतं असा तेव्हाचा समज होता. पृथ्वी त्यातून धावते, तर दोन काटकोनी वाटांवरच्या प्रकाशाला वेगवेगळा वेळ लागायला हवा. नौदल सोडून मायकेल्सन क्लीव्हलँडच्या केस स्कूलमध्ये प्राध्यापक झाले होते. शेजारच्याच कॉलेजातले केमिस्ट एडवर्ड मॉर्ले त्यांचे जोडीदार झाले. १८८५ मध्ये मायकेल्सन यांची मनःस्थिती पार ढासळली आणि उपचारासाठी काही महिने न्यूयॉर्कला राहावं लागलं. पुढच्या वर्षी केसच्या इमारतीला आग लागली. एवढं सगळं होऊनही जुलै १८८७ मध्ये, पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी लादीवर आरसे बसवून त्यांनी प्रयोग पूर्ण केला. पट्टे जेवढे सरकायला हवे होते त्याच्या विसाव्या भागाएवढेही सरकले नाहीत. मायकेल्सन यांच्या लेखी हा प्रयोग फसला होता. आयुष्याच्या शेवटापर्यंत ईथरची कल्पना त्यांनी मनातून पूर्णपणे काढली नाही.

पट्ट्यांत लपलेला स्पेक्ट्रम

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

त्याच १८८७ साली या दोघांनी हेच यंत्र दुसऱ्या कामाला लावलं. प्रकाशाची तरंगलांबी हीच लांबीची मोजपट्टी का करू नये, असा विचार होता. सोडियमचा पिवळा प्रकाश यंत्रात सोडला आणि आरसा सरकवत गेलं की एक गंमत दिसते. पट्टे आधी ठळक असतात, मग फिके होत जातात, साधारण ४९० पट्ट्यांनंतर जवळजवळ नाहीसे होतात आणि ९८० च्या आसपास पुन्हा ठळक होतात. असं का? कारण सोडियमचा पिवळा हा एक रंग नाही. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशा दोन जवळजवळच्या रेषा त्यात आहेत. दोघींचे पट्टे सुरुवातीला जुळलेले असतात, हळूहळू एकमेकांना मागे टाकतात, एकीचा उजेड दुसरीच्या अंधारावर पडतो आणि सगळं सपाट दिसतं.

तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज कसा डोलतो? अगदी तसंच. कान तयार असलेला माणूस त्या डोलण्याच्या वेगावरून दोन तारांत किती फरक आहे ते ओळखतो. मायकेल्सन पट्ट्यांच्या डोलण्यावरून रंगांतला फरक ओळखत होते. सोडियमचं हे डोलणं फ्रान्समध्ये फिझो यांनी आधीच पाहिलं होतं. पण मायकेल्सन आणि मॉर्ले यांनी हीच युक्ती हायड्रोजनच्या लाल रेषेवर लावली आणि एकच समजली जाणारी ती रेषाही जोड आहे असं निघालं.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघा. या यंत्रात रंग वेगळे करणारं काहीच नाही. प्रिझम नाही, अरुंद फट नाही. सगळा प्रकाश, सगळे रंग, एकदमच एका जागी येऊन पडतात. आरसा सरकताना त्या एका जागेचा उजेड कमी-जास्त होत राहतो आणि त्याचा जो वेडावाकडा आलेख निघतो, त्यात प्रत्येक रंग आपापल्या तालात मिसळलेला असतो. निळा लवकर लवकर डोलतो, लाल सावकाश. त्या आलेखाचं फूरिए ट्रान्सफॉर्म केलं की कोणत्या तालाचा वाटा किती, म्हणजेच कोणता रंग किती, हे सुटं होतं. वेगळं करण्याचं काम काचेकडून काढून गणिताकडे दिलं. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ही कल्पना फार देखणी वाटते. हार्डवेअर साधं ठेवा, डेटा सगळा गोळा करा, निवडानिवड नंतर करा.

मायकेल्सन यांनी हायड्रोजन, जस्त, पारा, थॅलियम, कॅडमियम अशा कितीतरी मूलद्रव्यांच्या रेषा अशा तपासल्या. त्यांत कॅडमियमची लाल रेषा सगळ्यांत साधी निघाली. तिचे पट्टे बराच लांबपर्यंत नीट राहायचे. १८९२-९३ मध्ये ते पॅरिसजवळच्या सेव्हरला, आंतरराष्ट्रीय वजनमापांच्या ब्युरोत गेले आणि एक मीटर म्हणजे या लाल प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ लाटा, असा हिशेब लावून आले. तोवर मीटर म्हणजे तिजोरीत ठेवलेली धातूची एक दांडी होती. १९६० मध्ये जगाने खरोखरच ती दांडी सोडून प्रकाशाची लाट धरली, फक्त कॅडमियमऐवजी क्रिप्टॉनची.

आता अडचण. उजेड किती, पट्टे किती ठळक, हे मोजायला डिटेक्टर कोणता होता? मायकेल्सन यांचा स्वतःचा डोळा. ते पट्ट्यांकडे बघून ठळकपणाला आकडा द्यायचे. सरावाने त्यांचा अंदाज फार पक्का झाला होता, पण डोळा तो डोळाच. शिवाय ते फक्त ठळकपणा टिपत होते. पट्टे नेमके कुठे आहेत, म्हणजे लाटेचा फेज काय, ही अर्धी माहिती हातातून निसटत होती. १८९२ मध्ये लॉर्ड रेली यांनी त्यावर बोट ठेवलं: नुसत्या ठळकपणाच्या आलेखावरून एकच एक स्पेक्ट्रम ठरत नाही, दोन वेगवेगळे स्पेक्ट्रम तोच आलेख देऊ शकतात. मुद्दा बिनतोड होता.

दुसरी अडचण गणिताची. एका आलेखाचं फूरिए ट्रान्सफॉर्म हाताने करायचं म्हणजे शेकडो गुणाकार आणि बेरजा. मायकेल्सन यांनी त्यासाठी मशीनच बांधलं. तेव्हा ते शिकागो विद्यापीठात होते. तिथले सहकारी सॅम्युअल स्ट्रॅटन यांच्यासोबत त्यांनी १८९८ मध्ये ८० पदांचं हार्मोनिक अॅनालायझर जगापुढे मांडलं. ८० दातेरी चाकं, प्रत्येकाचा वेग वेगळा. प्रत्येक चाक एक दांडा वरखाली हलवतं, प्रत्येक दांडा एक स्प्रिंग ओढतो. सगळ्या स्प्रिंगांची ओढ एका दंडगोलावर एकत्र होते आणि त्याला जोडलेली पेन्सिल कागदावर बेरजेचा आलेख काढते. हँडल फिरवा, फूरिए ट्रान्सफॉर्म तयार. वीज नाही, बॅटरी नाही.

त्याच साली त्यांनी नेचर मासिकात एक शंका छापली. एकदम उडी घेणारा आलेख फूरिएच्या लाटा जोडून काढला तर उडीपाशी जे दिसतं ते पुस्तकात सांगितल्यासारखं नाही, अशा अर्थाची. वाद रंगला आणि गिब्ज यांनी पुढच्या वर्षी खुलासा केला की उडीजवळ एक छोटं शिंग उरतंच. विल्ब्रहॅम नावाच्या गणितज्ञाने ते पन्नास वर्षं आधीच दाखवलं होतं, पण नाव गिब्जचं पडलं. तुम्ही हे शिंग रोज बघता. व्हॉट्सअॅपवर दहादा फॉरवर्ड होऊन आलेल्या शुभेच्छांच्या फोटोत अक्षरांच्या कडेला जी धुरकट किनार दिसते ना, जेपीईजीची, ती याच भावकीतली.

दोन रस्ते

या टप्प्यावर मायकेल्सन यांच्याकडे काय काय होतं बघा. सगळे रंग एकदम घेणारं यंत्र होतं. उलगडा करणारं मशीन होतं. फक्त चांगला डिटेक्टर नव्हता. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: या पद्धतीने मंद प्रकाश जास्त चांगला मोजता येतो, हा हेतूच त्यांच्या डोक्यात नव्हता. त्यांना बारीक तपशील हवा होता, दोन चिकटलेल्या रेषा वेगळ्या दिसायला हव्या होत्या. म्हणून ते दुसऱ्या रस्त्याला लागले, आणि तो रस्ता ग्रेटिंगचा होता.

ग्रेटिंग म्हणजे आरशावर जवळजवळ ओढलेल्या हजारो समांतर रेघा. सीडी तिरकी धरली की रंग दिसतात, तेच तत्त्व. ग्रेटिंग रंग पसरवून देतं आणि समोर फोटोची काच ठेवली की सगळे रंग तिच्यावर एकाच वेळी उमटतात, प्रत्येक रंग आपापल्या जागी. काचेचा प्रत्येक ठिपका हा जणू स्वतंत्र डिटेक्टर. आज याला मल्टिचॅनेल पद्धत म्हणतात. रात्रभर एक्स्पोजर दिलं तर प्रत्येक रंग रात्रभर मोजला जातो, कोणी रांगेत उभं राहत नाही.

मोठं आणि बिनचूक ग्रेटिंग बनवण्यासाठी मायकेल्सन यांनी रेघा ओढणाऱ्या यंत्रावर वर्षानुवर्षं घालवली. एका ग्रेटिंगला दिवसेंदिवस लागत, खोलीचं तापमान जरा हललं की रेघ सरकायची आणि सगळं फुकट जायचं. काम सुरू करताना वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट काळ त्यात गेला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत चिवट आणि सगळ्यांत कमी सांगितला जाणारा भाग हाच.

तर मग इंटरफेरोमीटरवाला रस्ता बंद पडला का? पन्नास वर्षं जवळजवळ पडलाच. दिसणाऱ्या प्रकाशात फोटोची काच काम भागवत होती. पण इन्फ्रारेडमध्ये लांबच्या तरंगलांब्यांना फोटोची काच आंधळी. तिथे मिळायचा तो उष्णता मोजणारा एकुलता एक डिटेक्टर, आणि त्याची स्वतःचीच खरखर एवढी की मंद सिग्नल त्यात बुडून जायचा. म्हणजे पुन्हा फट, पुन्हा एकेक रंग.

१९४९ च्या सुमारास केंब्रिजमध्ये पीटर फेल्गेट नावाच्या तरुणाला ताऱ्यांचा इन्फ्रारेड प्रकाश मोजायचा होता. डिटेक्टर एकच असला तरी सगळे रंग त्याच्यावर एकदम टाकले तर काय होईल, हे त्याने हिशेब करून दाखवलं. समजायला किराणा दुकानाचा काटा घ्या. काटा दर वेळी पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो, वर काहीही ठेवा. तीन पुड्या आहेत. एकेक करून तीनदा वजन केलं तर प्रत्येकीत काट्याची पूर्ण चूक येते. त्याऐवजी पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली अशा जोड्या करून तीनदाच वजन करा आणि सुटी वजनं गणिताने काढा. काटा तोच, वेळ तेवढाच, पण चूक साधारण १३ टक्क्यांनी कमी होते. विश्वास नसेल तर फोनवर छोटा प्रोग्रॅम लिहून बघा. पुड्या वाढतील तसा फायदा वाढतो. हजार रंगांच्या बाबतीत तो १० ते १५ पटींच्या घरात जातो. मायकेल्सन यांचं यंत्र नेमकं हेच करतं. आरशाच्या प्रत्येक जागी ते रंगांची एक वेगळी मोळी बांधून तोलतं. मोळी बांधून तोलण्याच्या या पद्धतीला मल्टिप्लेक्स म्हणतात आणि तिच्या फायद्याला फेल्गेटचं नाव मिळालं. फ्रान्समध्ये जाकिनो यांनी आणखी एक फायदा दाखवला: अरुंद फट लागत नसल्यामुळे मुळात जास्त प्रकाश आत येतो.

पण याला एक मोठी अट आहे आणि ती बऱ्याच लेखांत सुटते. काट्याची चूक वजनावर अवलंबून नसेल तरच हा खेळ चालतो. समजा काटा असा आहे की जितकं वजन जास्त तितकी चूक जास्त. मग सोन्याची अंगठी तांदळाच्या पोत्यासोबत तोलायची का? पोत्याची चूक अंगठीवर बसेल. दिसणाऱ्या प्रकाशात आजचे डिटेक्टर इतके शांत आहेत की त्यांची स्वतःची खरखर उरलीच नाही. उरते ती प्रकाशाची स्वतःची. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात, आणि प्रकाश जितका जास्त तितकी ही अनियमितता जास्त. अशा वेळी सगळे रंग एका डिटेक्टरवर टाकले तर ठळक रेषेची खरखर शेजारच्या मंद रेषेवर सांडते. तिथे मल्टिचॅनेलच बरं, प्रत्येक रंगाला स्वतःचा पिक्सेल. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मलेली सीसीडी चिप या कामात अव्वल ठरली. फोटोची काच शंभरातला एखादाच फोटॉन टिपायची, चांगली सीसीडी नव्वदच्या आसपास टिपते. थोडक्यात, मंद प्रकाश मोजायचा असेल तर आधी विचारायचं की खरखर कुणाची आहे, डिटेक्टरची की प्रकाशाची. उत्तरावरून रस्ता ठरतो. मायकेल्सन दोन्ही रस्त्यांवर चालले होते.

शेवटची वर्षं

१९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विज्ञानातलं नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकन. माणूस म्हणून ते एकलकोंडे आणि कडक शिस्तीचे होते आणि विद्यार्थ्यांना सोबत घेऊन काम करण्याचा त्यांना कंटाळा होता. पहिलं लग्न मोडलं, दुसरं १८९९ मध्ये झालं. टेनिस, बिलियर्ड्स, व्हायोलिन आणि जलरंग हे त्यांचे शौक. पहिल्या महायुद्धात, पासष्टीच्या आसपास, पुन्हा नौदलाचा गणवेश चढवून अंतर मोजणारी उपकरणं बनवून आले.

डिसेंबर १९२० मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर २० फुटी तुळई बसवून, तिच्या दोन टोकांच्या आरशांतला प्रकाश एकत्र करून, त्यांच्या पद्धतीने फ्रान्सिस पीज यांनी मृग नक्षत्रातल्या काक्षी ताऱ्याचा आकार मोजला. सूर्य सोडून इतर ताऱ्याचा व्यास मोजण्याची ही पहिलीच वेळ. आकाशात तो एका अंशाच्या ३६०० व्या भागाच्याही साधारण एकविसाव्या भागाएवढा भरला. इथेही पुन्हा तेच, आरसे सरकवायचे आणि पट्टे कुठे नाहीसे होतात ते डोळ्याने बघायचं.

प्रकाशाच्या वेगाचा नाद काही सुटला नाही. १९२६ मध्ये ३५ किलोमीटर लांबच्या दोन डोंगरांमध्ये प्रकाश पाठवून त्यांनी काढलेला आकडा आजच्या आकड्यापासून चार किलोमीटरवर होता. तरी मधली हवा त्यांना खुपत होती. म्हणून कॅलिफोर्नियात आयर्व्हाइन रँचवर मैलभर लांब पोलादी नळी घातली गेली, आतली हवा काढून तिच्यात प्रकाश सोडायचा होता. तोवर तब्येत पार खालावली होती. ९ मे १९३१ रोजी पॅसाडेनात, ७८ व्या वर्षी ते गेले. नळीतली मोजणी पीज आणि पिअरसन यांनी पुरी केली.

फेल्गेटने केलेला हिशेब खऱ्या अर्थाने पदरात पडला तो १९६० च्या दशकात. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी फूरिए ट्रान्सफॉर्म झपाट्याने करण्याची रीत छापली, तीच आपली एफएफटी. त्याच सुमारास फ्रान्समधल्या झानीन आणि पिएर कॉन या जोडप्याने इंटरफेरोमीटर दुर्बिणीला जोडून शुक्र आणि मंगळाचे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेतले. आधीच्या स्पेक्ट्रममध्ये जिथे नुसता सपाट चढउतार दिसत होता, तिथे यांच्याकडे हजारो रेषा सुट्या झाल्या. १९६७ मध्ये त्यांतूनच शुक्राच्या हवेत हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड सापडलं. १९६९ पासून छोटा कॉम्प्युटर जोडलेली अशी यंत्रं बाजारात यायला लागली.

आज त्यांना एफटीआयआर म्हणतात. औषध कंपन्यांत कच्चा माल तपासायला ती असतात, फॉरेन्सिक लॅबमध्ये असतात, मोठ्या डेअऱ्यांच्या लॅबमध्ये दुधातलं फॅट, प्रोटीन आणि भेसळ तपासायला असतात. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवर २००६ पासून आयासी नावाचं असंच एक यंत्र फिरतंय. खालच्या हवेतून वर येणारा इन्फ्रारेड प्रकाश ते एकदम घेतं आणि त्याचे ८४६१ भाग करून देतं. त्यावरून कुठल्या उंचीवर किती तापमान आणि किती बाष्प आहे ते कळतं आणि तो डेटा जगभरच्या हवामान अंदाजांत जातो. आत एक अर्धपारदर्शक तुकडा आणि दोन आरसे आहेत. त्यातला एक पुढेमागे सरकतो.